दोन छायाचित्रांमधली उंची

लष्करी नकाशाकाराच्या कारकिर्दीत मला सर्वाधिक आदर वाटतो तो त्याच्या नजरेच्या शिस्तीविषयी. विमानातून लागोपाठ घेतलेल्या दोन छायाचित्रांमध्ये सुमारे ६० टक्के भूभाग सामाईक ठेवला जातो आणि अशी जोडी स्टिरिओस्कोपखाली (प्रत्येक डोळ्याला एकेक छायाचित्र दाखवणाऱ्या उपकरणाखाली) ठेवली, की सपाट कागदावर टेकड्या व दऱ्या उठून दिसू लागतात. सूर्याची उंची ठाऊक असल्यास सावलीवरून इमारतीची उंचीही काढता येते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमधील मेडमनहॅम येथील हवाई छायाचित्रांच्या अभ्यासकेंद्रात काम करणाऱ्या कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ यांनी १९४३ मध्ये पेनेमुंडे या जर्मन शस्त्र-चाचणी केंद्राच्या हवाई छायाचित्रांत ठिपक्याएवढे दिसणारे व्ही-१ अस्त्र, म्हणजे जर्मनीचा चालकरहित उडता बॉम्ब, ओळखले. युद्धापूर्वी बॅबिंग्टन स्मिथ एका विमानविषयक नियतकालिकासाठी लिहीत असत. विमानांच्या आकारांशी असलेला तो जुना परिचयच त्यांच्या कामी आला असावा, असे मला मनापासून वाटते.