अमेरिकेची सोशल सिक्युरिटी आणि गुहागरातून भरलेलं रिटर्न

न्यू जर्सीतली नोकरी संपवून मी गुहागरला परतले. तेव्हापासून दर महिन्याला तिकडून दोन रकमा येतात. एक सोशल सिक्युरिटी, म्हणजे अमेरिकी सरकारची पेन्शन, दुसरी जुन्या कंपनीची पेन्शन. दोन्ही तिथल्याच बँकेत जमा होतात. सुरुवातीला मी आरएनओआर होते, म्हणजे परदेशातून नुकत्याच परतलेल्यांना काही काळ मिळणारा करदर्जा, त्यामुळे बाहेरच्या उत्पन्नाचा इथे प्रश्न नव्हता. ती सवलत संपली आणि खरं काम सुरू झालं.

चिपळूणचा सीए माझ्या मुलाच्या वयाचा. म्हणाला, "काकू, टॅक्स तिकडे कापलाय ना? दोन्ही रकमा इथे दाखवू, फॉर्म ६७ भरू, क्रेडिट घेऊ." क्रेडिट म्हणजे तिकडे भरलेला कर इथल्या करातून वजा करून घेणं; फॉर्म ६७ त्यासाठीच.

मला ते पटेना. मी अमेरिकेची नागरिक नाही आणि ग्रीन कार्डही परत केलंय. अशा माणसाच्या सोशल सिक्युरिटीच्या ८५ टक्के रकमेवर ३० टक्के, म्हणजे एकूण २५.५ टक्के कर तिकडेच कापला जातो. हजार डॉलर मंजूर असले तर हातात ७४५. क्रेडिट मिळतं ते इथल्या करापुरतंच, आणि माझा इथला कर त्याहून कमी बसतो. वर ती रक्कम उत्पन्नात धरली की कंपनीच्या पेन्शनवरचा करही चढणार.

म्हणून एकाच उत्पन्नावर दोनदा कर लागू नये यासाठीचा भारत-अमेरिका करार काढून वाचला. कलम २०. पहिल्या परिच्छेदात खासगी पेन्शन: तुम्ही जिथे राहता, कर फक्त तिथे. दुसऱ्यात सोशल सिक्युरिटी: जो देश देतो, कर फक्त त्याचा. एकाच कलमात दोन रकमांच्या वाटा उलट्या! प्रिंट घेऊन पुन्हा चिपळूणला गेले. त्याने दोन्ही परिच्छेद शांतपणे वाचले आणि म्हणाला, "बरोबर आहे काकू, सोशल सिक्युरिटी इथे करपात्र नाहीच." चूक मान्य करणारा सल्लागार मला फार मोलाचा वाटतो.

रिटर्न अर्थात आयटीआर-२. सोशल सिक्युरिटी शेड्यूल ईआय या करमुक्त उत्पन्नाच्या तक्त्यात, करारानुसार करपात्र नसलेल्या उत्पन्नाखाली गेली; तिथे रक्कम, देश आणि कराराचं कलम द्यावं लागतं. फॉर्म ६७ लागला नाही. कंपनीची पेन्शन मात्र इथे पूर्ण करपात्र. त्या कंपनीला मी आधीच डब्ल्यू-८बीईएन, म्हणजे अमेरिकेबाहेर राहणाऱ्याने कराराची सवलत मागायचा फॉर्म, दिला होता, त्यामुळे तिकडे काही कापलं जात नाही.

सगळ्यात वेळखाऊ काम आकडे जुळवण्याचं. अमेरिकेहून जानेवारीत पोस्टाने एसएसए-१०४२एस हा सोशल सिक्युरिटीचा वार्षिक हिशेब येतो, पण तो जानेवारी ते डिसेंबरचा. आपलं वर्ष एप्रिल ते मार्च. मग वहीत रकाने आखले: महिना, मंजूर रक्कम, कापलेला कर, खात्यात जमा. बँकेच्या स्टेटमेंटवर फक्त जमा दिसते. दाखवायची ती कापण्याआधीची रक्कम. पेन्शनच्या डॉलरचे रुपये करताना आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा स्टेट बँकेचा टीटी बाइंग दर, म्हणजे बँक ज्या भावाने डॉलर विकत घेते तो, धरायचा.

तिथलं बँक खातं शेड्यूल एफए या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात भरायचं, आणि हे पुन्हा कॅलेंडर वर्षाचं, वर्षातल्या सर्वांत मोठ्या शिलकीसकट. हे अजिबात टाळू नका. लपवलं तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाखांचा दंड आहे. ऑक्टोबर २०२४ पासून, घर-जमीन सोडून बाकी मालमत्ता मिळून २० लाखांपर्यंत असेल तर तो दंड लागत नाही, पण माहिती द्यावीच लागते.

शेवटी आधारचा ओटीपी. भर पावसात वाडीत रेंज नाही. भावाने स्कूटरवरून सड्यावर नेलं, छत्रीखाली फोन धरला, तिथे ई-व्हेरिफाय झालं. पुढे रिटर्न तपासल्याची आयकर खात्याची १४३(१)ची सूचना आली, मागणी शून्य.

आता शेजारच्या वाडीतल्या वहिनी माझ्या रिटर्नची प्रत मागतायत. त्यांना ब्रिटनची स्टेट पेन्शन येते. त्यांना सांगितलं, माझं बघून भरू नका. ब्रिटनच्या करारात अशी पेन्शन राहत्या देशातच करपात्र आहे, म्हणजे तुमची इथे. वही मात्र दिली, रकाने आखायला.