‘बोर्ड बदलावा लागेल’ म्हणून परत पाठवलेला लॅपटॉप

लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्याला लोक दुरुस्तीबद्दल फारसं विचारत नाहीत. विचारतात ते एकच : “मग आता नवीन घ्यायचा झाला तर कुठला घेऊ?” माझं उत्तर ठरलेलं असायचं आणि मी ते बिनदिक्कत देत आलो. एका आर्किटेक्ट बाईंच्या केसनंतर मात्र ते देताना जीभ जरा अडखळते. मत बदललंय असं नाही. पण त्यांनी माझ्यासमोर मांडलेला मुद्दा अजून माझ्याकडून खोडून झालेला नाही.

त्यांचा लॅपटॉप सडपातळ, सव्वा किलोच्या आतला आणि पूर्ण डेड होता. चार्जर लावल्यावर दिवा नाही, पंखा नाही, काही नाही. त्याआधी अधिकृत सर्व्हिस सेंटरने त्यांना सांगितलं होतं की बोर्ड बदलावा लागेल, डेटा जाईल, इथे सही करा. “बोर्ड बदलला तर डेटा का जावा?” असं त्यांनी विचारलं, तर काउंटरवरच्या मुलाला ते सांगता आलं नाही. त्याचाही दोष नाही म्हणा. त्याला वाचून दाखवायला वाक्य दिलेलं असतं, कारण दिलेलं नसतं.

कारण सोपं आहे. साध्या लॅपटॉपमध्ये स्टोरेज म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि बहुतेक वेळा ८० मिलिमीटर लांब अशी एम.२ची पट्टी असते. एक स्क्रू काढला की ती हातात येते. बोर्ड जळून खाक झाला तरी पट्टी बाहेरच्या केसमध्ये घालून दुसऱ्या मशीनला लावायची आणि फायली उतरवून घ्यायच्या. या लॅपटॉपात पट्टी नव्हतीच. रॅमच्या चिप आणि स्टोरेजची चिप, दोन्ही थेट बोर्डवर सोल्डर केलेल्या. बोर्ड फेकला की कपाटासकट कागद गेले.

क्लाउडवर कॉपी होती, पण जुनी. जागा भरल्यामुळे सिंक थांबलं होतं आणि तसं सांगणारी सूचना बाई रोज फुलीवर क्लिक करून घालवत होत्या. अडकलं होतं ते एका शाळेच्या इमारतीचं काम, शेवटच्या सगळ्या फेरबदलांसकट.

आमच्या मालकांचं धोरण असं की सोल्डर केलेल्या स्टोरेजचा डेड बोर्ड आला तर टेबलावर घेऊच नये. वेळ जातो, यश आलं तर गिऱ्हाइकाला ते सोपं होतं असं वाटतं आणि नाही आलं तर “तुमच्याकडे दिल्यावर गेला” हे ऐकावं लागतं. हिशेबाने ते बरोबर आहेत. मी तरी घेतला, कारण ‘नो पॉवर’ केस हे या धंद्यातलं मला सगळ्यात आवडणारं काम आहे.

आधी यूएसबी-सी मीटर. चार्जर आणि लॅपटॉप जोडले की आधी त्यांची आपसात बोलणी होतात. चार्जर सुरुवातीला फक्त ५ व्होल्ट देतो, लॅपटॉपने मागितल्यावर २० वर जातो. इथे मीटर ५ व्होल्ट, शून्य अँपिअरवर अडून बसलेलं. म्हणजे एकतर पोर्ट खराब, किंवा बोलणी करणारी चिप गेलेली, किंवा पुढे कुठेतरी शॉर्ट.

मागचं झाकण काढून पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं. हे न करता बोर्डला हात लावणारे कारागीर मी पाहिलेत आणि त्यांनी मारलेले बोर्डही. मग मल्टिमीटर. मुख्य पॉवर रेल, म्हणजे बोर्डभर वीज पोचवणारी मुख्य वाट, ते ग्राउंड जिथे कित्येक किलो-ओहम दिसायला हवेत, तिथे अर्धा ओहमसुद्धा नव्हता. शॉर्ट मुख्य रेलवरच.

इथे नवशिके दोन चुका करतात. पहिली, प्रोसेसरला वीज देणाऱ्या कॉइलवर मीटर लावतात, एखाद-दोन ओहम दिसतात आणि “प्रोसेसर शॉर्ट” म्हणून मोकळे होतात. आधुनिक प्रोसेसर चांगला असतानाही तिथे इतकंच दिसतं. या एका गैरसमजापायी किती चालू बोर्ड भंगारात गेले असतील देव जाणे. दुसरी चूक महाग पडते. शॉर्ट शोधायला रेलमध्ये बाहेरून करंट सोडतात, जो भाग गरम होतो तो चोर. पण मुख्य रेल आणि प्रोसेसर यांच्यामधला वरचा मॉस्फेट, म्हणजे वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच, जळून आरपार झाला असेल, तर तुम्ही सोडलेला करंट सरळ प्रोसेसरमध्ये जातो. म्हणून आधी मुख्य रेल आणि प्रत्येक कॉइल यांच्यामध्ये मोजून घ्यायचं. इथे मॉस्फेट शाबूत होते. मगच सप्लाय १ व्होल्टवर ठेवला आणि करंटची मर्यादा हळूहळू वर नेली.

माझ्याकडे थर्मल कॅमेरा आहे, पण अशा वेळी मला आयसोप्रोपिल अल्कोहोलच आवडतं. ब्रशने बोर्डवर पातळ थर द्यायचा आणि डोळे न हलवता बघायचं. सगळा बोर्ड ओला चमकत असताना एकच जागा आधी सुकते. इथे कोपऱ्यातल्या स्क्रूच्या भोकाजवळचे दोन छोटे सिरॅमिक कपॅसिटर सुकले. भिंगाखाली त्यातल्या एकाच्या अंगावर केसासारखा तडा होता.

चोर सापडला, पण राहत होता वाईट शेजारात. एका बाजूला रॅमच्या चिप, दुसऱ्या बाजूला तीच स्टोरेजची चिप, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप. या चिपखाली चिकट रेझिन भरलेलं असतं. वरून हॉट एअर मारली की आतलं सोल्डर वितळून फुगतं आणि रेझिनच्या फटीतून बाहेर पिळलं जातं. कपॅसिटर काढताना डेटाच गमावायचा. त्यामुळे हॉट एअर बाद. बोर्ड खालून साधारण १०० अंशांपर्यंत तापवला, कारण ग्राउंडची तांब्याची परत सोल्डरिंग आयर्नची सगळी उष्णता पिऊन टाकते. मग दोन हातांत दोन आयर्न, कपॅसिटरच्या दोन टोकांना एकदम टेकवले आणि उचलला. त्या वेळी श्वास रोखलेला असतो, हे नंतर कळतं.

मीटर लावला, किलो-ओहम आले. तशाच मापाचा, तेवढ्याच व्होल्टचा कपॅसिटर जुन्या बोर्डवरून काढून लावला. तसे अनेक समांतर असतात, एक नसला तरी बोर्ड चालतो. पण रिकामी जागा सोडून झाकण लावणं मला जमत नाही. चार्जर लावला. ५ व्होल्ट, क्षणभर तसंच, मग २०. अँपिअर चढत गेले. पंखा फिरला.

आणि पडद्यावर निळी पाटी : रिकव्हरी की टाका, ४८ आकडी.

बोर्डची वीज पूर्ण गेल्यामुळे फर्मवेअरच्या सेटिंग मूळपदावर आल्या होत्या. बिटलॉकरच्या, म्हणजे डेटा कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणाऱ्या विंडोजच्या सोयीच्या, दृष्टीने मशीनमध्ये कुणीतरी हात घातला होता, आणि ते खरंच होतं. त्याने त्याचं काम चोख केलं. बाईंना फोन केला तर म्हणाल्या, “मी कुठलंच एन्क्रिप्शन लावलेलं नाही.” त्यांनी नव्हतंच लावलं. हल्ली बऱ्याच लॅपटॉपवर ऑनलाइन खात्याने साइन-इन केलं की ते आपोआप लागतं आणि की त्या खात्यात जमा होते. प्रश्न एवढाच की कुणाच्या खात्यात. बाईंच्या खात्यात नव्हती. बऱ्याच वेळाने आठवलं की पहिल्या दिवशी सगळं सेट करून दिलं होतं भाच्याने, स्वतःच्या खात्यातून. त्याला शोधलं, तो कुठल्याशा परीक्षेला बसला होता, बाहेर आल्यावर त्याने आकडे पाठवले. ४८ आकडे टाकले आणि शाळेची इमारत उघडली. सगळे नकाशे बाहेर काढून दिले.

इथपर्यंत केस माझ्या बाजूने होती. मग त्यांनी तो नेहमीचा प्रश्न विचारला आणि मी नेहमीचं उत्तर दिलं : बदलता येणारी रॅम, दोन स्लॉट, एम.२ची पट्टी, गोंदाऐवजी स्क्रूने बसवलेली बॅटरी, आणि कीबोर्ड असा की बदलायला अख्खं वरचं कव्हर बदलावं लागू नये. प्रोसेसरच्या स्टिकरला भुलू नका हेही सांगितलं. तेच नाव १५ वॅटवर चालवलं तर वेगळं यंत्र असतं आणि ४५ वॅटवर वेगळं. लॅपटॉपमधल्या आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स चिपला तर ३५ ते ११५ वॅट इतकी मोकळीक आहे, नाव मात्र एकच.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “दादा, असा लॅपटॉप वजनाला किती?”

“दोन किलोच्या आसपास. चार्जर वेगळा.”

“बांधकाम चालू असताना लिफ्ट नसते. सहाव्या स्लॅबवर चढून जायचं, एका हातात लॅपटॉप उघडा धरायचा आणि दुसऱ्या हाताने कॉन्ट्रॅक्टरला दाखवायचं, की बघा, तुमची भिंत इथे नाही, इथे आहे.”

कसा धरता, असं विचारलं. त्यांनी दाखवलं, एका कोपऱ्याला अंगठा आणि चार बोटं. कपॅसिटर फुटला होता तोच कोपरा. सिरॅमिक कपॅसिटर बोर्ड वाकल्याने तडकतात हे सर्वज्ञात आहे. तोच प्रकार इथे झाला असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण मला तरी योगायोग वाटत नाही. मी म्हटलं, “बघा, पातळपणानेच घात केला.”

“तुमच्याकडे बिघडलेलेच येतात ना?” त्या म्हणाल्या. “असेच धरलेले आणि न बिघडलेले किती आहेत, ते तुम्हाला कसं कळणार?”

मी म्हटलं, किती बिघडतात हा प्रश्नच नाही, बिघडल्यावर काय होतं हा प्रश्न आहे.

“ते बॅकअपने सुटतं. खांदेदुखी बॅकअपने सुटत नाही.”

यावर मला काही सुचलं नाही. रोज फुलीवर क्लिक करणारं माणूस हे बोलतंय, हे अगदी ओठांवर आलं होतं, गिळलं. रॅमचा मुद्दा काढला, की तुमचे थ्रीडी मॉडेल वाढत जाणार, सोल्डर केलेली रॅम वाढवता यायची नाही. “मग आत्ताच ३२ जीबी घेते,” म्हणाल्या. कंपनी सांगेल त्या भावात घ्यावी लागते, हा माझा आक्षेप उरला. पण तो त्यांच्या खिशाचा प्रश्न, माझा नाही.

आणि खरं बोलायचं तर सोल्डर केलेली रॅम हा निव्वळ कंपन्यांचा कावा नाही. कमी व्होल्टेजवर वेगाने चालणाऱ्या एलपीडीडीआर रॅमला प्रोसेसरपर्यंतची वाट आखूड लागते. जुन्या पद्धतीच्या स्लॉटमधून ती नीट चालत नाही. त्या बदल्यात बॅटरी जास्त वेळ टिकते. हे मी मानतो. स्टोरेज सोल्डर करण्याला मात्र मला आजवर एकही पटणारं कारण मिळालेलं नाही. २२३० मापाची एम.२ पट्टी अवघी ३० मिलिमीटर लांब असते. स्टीम डेकसारख्या हातात धरून खेळायच्या यंत्रात ती बसते, मग लॅपटॉपात जागा नाही म्हणणं म्हणजे गंमतच आहे. २००८च्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्सने पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढला तेव्हापासून सगळा बाजार पातळपणाच्या मागे आहे. पण पाकिटात मावणं आणि डेटा ओलीस ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून बाईंना एवढंच म्हटलं, की बाकी तुमच्या मनाप्रमाणे घ्या, स्टोरेज तेवढं निघणारं बघा. त्यांनी लिहून घेतलं आणि दुकानात खरंच विचारलं. विक्रेता म्हणाला, “एसएसडीच आहे मॅडम, एकदम फास्ट.” खोक्यावरही तेवढंच छापलेलं. पट्टी आहे की चिप, हे कुठेच नाही. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१पासून लॅपटॉपवर दुरुस्ती किती सोपी याचे दहापैकी गुण दाखवावे लागतात. त्याने सगळं सुटतं असं नाही, पण विचारणाऱ्याला बोट ठेवायला जागा मिळते.

बाईंनी घेतला तो पुन्हा सव्वा किलोच्या आतलाच, ३२ जीबी रॅमचा. आणून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, बघा निघतं का. झाकण न उघडता आधी कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहिलं. स्टोरेज पट्टीवर निघालं. पारख नव्हे, नशीब. रिकव्हरी की या वेळी त्यांच्याच खात्यात जमा करून कागदावर छापून दिली. बाहेरच्या ड्राइव्हवर रोज रात्री कॉपी लावून दिली. ती चालू आहे की त्यांनी पुन्हा फुलीवर क्लिक केलंय, ते मला माहीत नाही.

आमचा वाद मिटवू शकेल अशी एक गोष्ट आता आली आहे. कॅम-२ नावाच्या नव्या रॅम मॉड्यूलचं मानक जेडेकने, म्हणजे मेमरीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने, डिसेंबर २०२३मध्ये जाहीर केलं. त्यातल्या एलपीकॅम-२ प्रकारात तीच कमी विजेची रॅम बोर्डवर सपाट बसते आणि स्क्रूने निघते. पातळही, बदलताही येणारी. असा एकही लॅपटॉप अजून माझ्या टेबलावर आलेला नाही. बिघडत नाहीत म्हणून येत नाहीत, की कुणी घेतच नाही म्हणून, हे इथे बसून मला कळायचं नाही. बाईंनी हेच तर विचारलं होतं.