बॅक फोकस, ०.२ मिलिमीटर आणि उद्यमबागेतली रिंग

गेल्या पावसाळ्यात बेळगावच्या टिळकवाडीतल्या घरी बसून मी एका कॅमेऱ्यासाठी ५० मिलिमीटर फोकल लेंग्थचे, एफ/४ चे भिंग आखत होतो. मूळ आराखड्यात आरएमएस स्पॉटची (एका बिंदूचा प्रतिमेत उमटणारा ठिपका) त्रिज्या ४ मायक्रॉनच्या आसपास होती. झीमॅक्स या भिंग आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये टॉलरन्सचे, म्हणजे घडणीत चालणाऱ्या चुकीच्या मर्यादांचे, विश्लेषण चालवल्यावर मॉन्टे कार्लोच्या, म्हणजे त्या मर्यादेत यदृच्छया चुका घालून बनवलेल्या, बऱ्याच नमुन्यांत ती १० मायक्रॉनच्या पुढे गेली. अशा वेळी बहुतेकजण करतात तेच मी केले आणि वक्रता त्रिज्यांचे टॉलरन्स आवळले. आकडे सुधारले खरे, पण काच घासणाऱ्याने सांगितलेला दर ऐकून मुकाट्याने मागे फिरलो.

अहवालाच्या शेवटी कॉम्पेन्सेटरची, म्हणजे जोडणीच्या वेळी हलवून चुका भरून काढायच्या मापाची, स्वतःची आकडेवारी छापलेली असते, आणि तिच्याकडे मी तोवर नीट पाहिलेच नव्हते. माझा कॉम्पेन्सेटर होता बॅक फोकस, म्हणजे शेवटच्या काचेपासून प्रतिमेपर्यंतचे अंतर; त्यातील बदल किमान उणे ०.२०० आणि कमाल अधिक ०.२०० मिलिमीटर होता. दोन्ही टोकांना इतका गोल आकडा योगायोगाने येत नाही. ही मर्यादा मीच एका जुन्या फाइलमधून उचलून आणली होती, आणि कॉम्पेन्सेटर तिला जाऊन अडत होता. ती सैल केल्यावर सर्वांत वाईट नमुन्याला ०.३१ मिलिमीटर सरकावे लागते, असे दिसले. म्हणजे ०.११ मिलिमीटरची भरपाई राहून जात होती, आणि एफ/४ ला तेवढ्या सरकलेल्या फोकसमुळेच स्पॉटची त्रिज्या साधारण १० मायक्रॉन होते. काचेकडे बोट दाखवण्याचे काही कारणच नव्हते.

बॅक फोकस बॅरल, म्हणजे भिंगाची नळी, फिरवून लावायचा; तिच्यावरच्या आट्यांचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात सरकणारे अंतर, ०.७५ मिलिमीटर आहे, त्यामुळे ०.३१ मिलिमीटर म्हणजे सुमारे १५० अंशांचा फेर, अर्ध्या वळणाहूनही कमी. उलट एफ/४ ला हिरव्या प्रकाशात फोकसची खोली (ज्या पट्ट्यात प्रतिमा स्पष्ट राहते तो) जेमतेम अधिक-उणे १८ मायक्रॉन असते, म्हणजे आट्यावर साडेआठ अंश. जोडणी करणाऱ्याला पल्ला भरपूर मिळतो, पण थांबायचे मात्र नेमक्या जागी असते. लॉकनट आवळताना हात हलला, तर संगणकातली सगळी भरपाई तिथेच वाया जाते.

एवढ्यावर थांबायला हवे होते, पण हाव सुटली आणि आतल्या दोन भिंगांमधली हवेची फटही मी दुसरा कॉम्पेन्सेटर म्हणून जोडली. स्पॉट किंचित सुधारला. बॅक फोकसची हालचाल मात्र ०.८ मिलिमीटरपर्यंत गेली. फट आणि बॅक फोकस दोन्ही मुख्यतः फोकसच सरकवत असल्याने त्यांच्या कितीतरी जोड्या जवळजवळ सारखाच स्पॉट देतात, आणि ऑप्टिमायझेशन त्या जोड्यांमध्ये उगाच भटकत राहते. रेखाचित्र घेऊन उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत गेलो, तेव्हा लेथवरचे मामा ती फट राखणाऱ्या स्पेसर रिंगवर बोट ठेवून म्हणाले, “सर, ही एकदा आत बसली की बसली. मग तिला कोण हलवणार ओ?” ओतकाम आणि हायड्रॉलिकच्या भागांत उभी हयात गेलेल्या या गृहस्थांना भिंगातले काही कळत नाही, असे मी तोवर धरून चाललो होतो. घरी येऊन फटीचा कॉम्पेन्सेटर काढून टाकला.

त्यानंतरचे आकडे अपेक्षेपेक्षा चांगले आले, आणि मला त्याचीच शंका आली. साठवलेल्या मॉन्टे कार्लो फाइली एकेक उघडल्यावर उलगडा झाला: फील्ड, म्हणजे प्रतिमेतले तपासायचे बिंदू, मी मध्यापासून फक्त धन बाजूचे दिले होते. एखादे भिंग तिरके बसले की प्रतिमेचे प्रतलही कलते. एकच बाजू पाहणारा कॉम्पेन्सेटर बॅक फोकस सरकवून त्या कलाचा बराच भाग झाकून टाकतो, तर दुसऱ्या बाजूची धूसरता कोणी मोजतच नाही. फील्ड वाय-सममित केल्यावर पाच बिंदू दोन्ही बाजूंना पसरले आणि खरे आकडे समोर आले. ते थोडे वाईट होते, पण कामाचे होते. कॉम्पेन्सेटरच्या निकषासाठी एमटीएफऐवजी (बारीक तपशिलांतला कॉन्ट्रास्ट किती टिकतो याचे माप) आरएमएस स्पॉटच ठेवला, कारण फोकस फार हललेला असताना एमटीएफचा आलेख वर-खाली होतो आणि ऑप्टिमायझेशन भलत्याच खड्ड्यात अडकते.

शेवटी बॅक फोकसला अधिक-उणे ०.५ मिलिमीटरची मोकळीक दिली. आट्यांवर तेवढी जागा आरामात निघते. रिंग आता कोणी हलवणार नसल्याने तिच्या जाडीचे टॉलरन्स अधिक-उणे ०.०२ मिलिमीटर लिहून पुन्हा उद्यमबाग गाठली. मामांनी चष्मा वर करून आकडा वाचला, “होतंय की,” म्हणाले, आणि मायक्रोमीटर पुसायला घेतला.