पाण्याचा नमुना तीनदा परत आला

म्हापशातल्या चाळीस खाटांच्या एका इस्पितळात मी नर्स आहे, संसर्ग नियंत्रणाचं काम माझ्याकडे. मे महिन्यात नळाला दाब राहिला नाही आणि टँकर सुरू झाले. शंभर खाटांपर्यंतच्या इस्पितळाला खाटेमागे दिवसाला ३४० लिटर पाणी धरतात, म्हणजे आम्हाला १३,६०० लिटर लागतं. टँकरचं पाणी टाकीत पडलं की ते तपासायचंच, हा हट्ट माझा. टाक्या घासून, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकून एका रविवारी झाल्या. अडलं ते प्रयोगशाळेच्या खिडकीवर.

पहिल्यांदा मी आमच्याच ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेने निर्जंतुक करून काढलेल्या बाटल्या भरून नेल्या. खिडकीतला माणूस म्हणाला, ‘सिस्टर, थायोसल्फेट नाही यात. चालणार नाही.’ कारण खरं आहे. बाटलीतलं क्लोरीन वाटेत जंतू मारत राहतं आणि अहवाल खोटाच चांगला येतो. थायोसल्फेट ते क्लोरीन निकामी करतं. पण तशा तयार बाटल्या त्याच्या मागच्या फळीवर रांगेत होत्या! मागितल्यावर दिल्या, त्याआधी नाही.

त्या बाटल्यांत नमुने घेऊन मी लगेच गेले, तर तो शुक्रवार. जंतू वाढवायला एक-दोन दिवस लागतात, मध्ये सुट्टी येते, म्हणून शुक्रवारी घेत नाहीत. सोमवारी परत गेले तर अर्जावर इस्पितळाचा शिक्का नाही, आणि कोणत्या नळाचं पाणी ते बाटलीगणिक लिहिलेलं नाही. शिक्का आणेपर्यंत साडेअकरा वाजले. खिडकी अकराला बंद. डब्यातला बर्फ वितळला होता, सगळं पाणी ओतून दिलं. रिक्षात बसल्यावर मला रडू आलं, खरंच सांगते. वरच्या मजल्यावर नुकतंच ऑपरेशन झालेली माणसं त्याच नळावर हात धुतायत, आणि मला एक-एक अट वेगळ्या दिवशी कळतेय. चारही गोष्टी पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून दिल्या असत्या तर आठवडा वाचला असता.

म्हणून आधी फोन करा. वार, वेळ, बाटली, शिक्का, चारही विचारा.

मंगळवारी घेतले. अहवालात तीन नळ चांगले, दुसऱ्या मजल्यावरच्या एकात कोलिफॉर्म, म्हणजे पाणी दूषित असल्याची खूण असलेले जंतू. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १०५००) १०० मिलिलिटरमध्ये एकही चालत नाही. मी आधी टँकरवाल्याला बोल लावला होता, ते चुकलं. ओटी टेस्ट केली, म्हणजे पाण्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकले, क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो. टाकीच्या पाण्याला चांगला पिवळा रंग, या नळाला काहीच नाही. टाकी आणि नळ यांच्या मध्येच कुठेतरी क्लोरीन संपत होतं. प्लंबरला घेऊन पाइप धरून चालत गेलो. भिंतीपलीकडे पूर्वी न्हाणीघर होतं, त्याची आता सामानाची खोली झाली आहे. तिथला पाइप नुसती टोपी लावून सोडलेला, पाणी आत तसंच साचून. त्याने कापलेल्या तुकड्याच्या आत बोट फिरवलं तर बुळबुळीत थर हाताला लागला.

तो फाटा मुळापासूनच काढला. मग ती लाइन जास्त क्लोरीनच्या पाण्याने भरून ठेवली, त्या मजल्याचे नळ वापरू दिले नाहीत, नंतर भरपूर पाणी सोडून धुतली. पुन्हा नमुना दिला, या वेळी पहिल्या फेरीत घेतला. अहवाल स्वच्छ आला तेव्हा मी तो सगळ्या वॉर्डांत फिरवून दाखवला.

एक राहिलंच. नमुना घेताना नळाची जाळी काढा, तोंड स्पिरिटने पुसून जाळून घ्या, दोन-तीन मिनिटं पाणी सोडा आणि मगच बाटली भरा. थोडी जागा मोकळी ठेवा, प्रयोगशाळेत ती हलवावी लागते. बाटली आतून धुऊ नका, थायोसल्फेट निघून जातं.

आता रोज सकाळी टाकीपासून सर्वांत लांबच्या नळावर ओटी टेस्ट होते. क्लोरीन लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमच्या खाली गेलं तर मला घरी फोन येतो.