कक्क्यापासून फोनिक्सपर्यंत : आमची वाटचाल

माझे पणजोबा सयाजीराव महाराजांच्या शाळाखात्यात कारकून म्हणून बडोद्याला आले. महाराजांनी 1906 मध्ये सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तो काळ. तेव्हापासून आम्ही बडोदेकर. घरात मराठी, ओट्यावर गुजराती. त्यामुळे दांडिया बाजारातल्या घराच्या खालच्या खोलीत मी इंग्रजी फोनिक्सचा, म्हणजे अक्षरांच्या आवाजांवरून वाचायला शिकवण्याचा, वर्ग काढला, तेव्हा येणारी बहुतेक मुलं गुजराती घरांतलीच असणार हे ठरलेलं होतं.

सुरुवात कार्डांच्या तयार संचावर केली. एका कंपनीची फ्रँचायझी घेतली, त्यासाठी दोन बांगड्या मोडल्या. कार्डं देखणी होती, पण 'आय'चा आवाज ओळखायला त्यांवर इग्लूचं चित्र! आवाज ज्या शब्दातून कानावर पडायचा, तो शब्दच मुलांनी कधी ऐकलेला नव्हता. पहिल्या तुकडीत नऊ मुलं होती, तिसऱ्या महिन्यात चार उरली. एक आई दारातच विचारायच्या, "टीचर, सी-ए-टी कॅट क्यारे करावशो?" म्हणजे कधी करून घेणार? त्यांचं चुकत नव्हतं. 'सी ए टी कॅट, कॅट एटले बिलाडी' असं घोकतच त्या शिकल्या होत्या. पण 'सी', 'ए', 'टी' ही अक्षरांची नावं. ती कितीही भरभर म्हटली तरी त्यांतून 'कॅट' निघत नाही. इंग्रजीत अक्षरं 26 आणि आवाज साधारण 44, त्यामुळे मुलाला आधी आवाज शिकवावे लागतात. एस, ए, टी, पी, आय, एन एवढ्या सहा अक्षरांच्या आवाजांवर मूल सॅट, पिन, टॅप, नॅप स्वतः वाचतं. त्या आईंना मी वर्गात बसवून घेतलं. त्यांच्या मुलीने 'टिन' वाचलं, तेव्हा त्यांनी पुढच्या महिन्याची फी तिथेच दिली.

खरं तर गुजराती मूल आवाजांशी अनोळखी नसतंच. कक्क्यात, म्हणजे गुजराती मुळाक्षरांत, 'क कमळनो क' म्हणताना अक्षराचं नाव आणि आवाज एकच असतो. अडतं ते वेगळ्याच जागी. आपल्या व्यंजनात 'अ' दडलेला असतो, म्हणून मुलं 'बॅट' जोडताना 'ब-ॲ-ट' म्हणतात आणि हाती 'बअॅटअ' असं काहीतरी लागतं. त्या संचात यावर एक ओळही नव्हती. मी फळ्यावर पाय मोडका ब् लिहिला. जोडाक्षरं शिकलेल्या मुलांना तो माहीत होता, आणि आवाज तिथल्या तिथे सुटा झाला.

नंतरचा धडा एका आजोबांनी दिला. मुलं 'हॉल'ला 'होल' म्हणायची, 'कॉल'ला 'कोल'. मी महिनाभर तोंडं उघडून दाखवत होते. नातवाला न्यायला आलेले हे दादा बाकावर बसून ऐकत असत. एक दिवस म्हणाले, "बेन, एक गोळ खवाय ने एक गोळ दोराय. बोली जुओ." म्हणजे एक गोळ खातात, एक काढतात; म्हणून बघा. गुजरातीत गूळ आणि वर्तुळाकार, दोन्हींना लिहायचं 'गोळ'च, पण एकाचा ओ मिटलेला आणि दुसऱ्याचा पसरट. म्हणजे दोन्ही ओ मुलांच्या तोंडात जन्मापासून होते, लिपीत तेवढे वेगळे दिसत नव्हते! दुसऱ्या दिवशी गुळाचा खडा आणि एक बांगडी घेऊन वर्गात गेले. आधी दोन्ही 'गोळ' म्हणवून घेतले, मग 'हॉल' आणि 'होल'. आठवडाभरात फरक कळू लागला. मलाही उलगडलं, कारण मराठीत आपणही चहातला च आणि चाकातला च एकाच अक्षराने लिहितो.

त्या दिवसानंतर तो संच कपाटात गेला आणि कार्डं आम्ही स्वतः बनवायला घेतली. घरी काठियावाडी बोलणाऱ्या काही मुलांच्या तोंडी 'छे'चं 'से' होतं. अशा मुलाने 'चिप'ला 'सिप' म्हटलं तर त्याच्या घरच्या बोलीला नावं ठेवायची नाहीत, असा नियम आमच्या शिक्षिकांना पहिल्याच दिवशी सांगते. 'शिप' आणि 'शीप'ने मात्र फार घाम काढला. गुजरातीत ह्रस्व-दीर्घ इ लिहितात, बोलताना फरक जवळजवळ राहत नाही. आवाज लांबवून अर्धंच काम होतं. 'शीप'ला ओठ ताणले जातात, 'शिप'ला सैल सुटतात, ते आरशात दाखवावं लागतं.

पहिल्या छपाईत दोनशे संच काढले आणि चाळीस कार्डांवर चित्र एक, शब्द दुसराच आला. पुन्हा छापण्यात त्या वर्षीची सगळी शिल्लक गेली. 2020 च्या टाळेबंदीत वर्ग फोनवर आला. नको तेव्हा आवाज तुटायचा, 'एस' आणि 'एफ' ओळखू येईनात. मग कार्डं घरोघर पोचवली आणि आयांना शिकवलं. आज आम्ही पाच जणी आहोत, खोल्या दोन आहेत.

सध्या 'व्ही' आणि 'डब्ल्यू'ची कार्डं करतो आहोत. गुजरातीत दोन्हींना एकच व, मराठीतही एकच, त्यामुळे इथे माझाही कान कच्चा आहे. वर्ग सुटला की पाचही जणी आरशासमोर बसतो आणि खालचा ओठ दातांना लागतो की दोन्ही ओठ गोल होतात, ते एकमेकींचं बघतो.