तुम्ही विचारलंत म्हणून: बापूंचे डोळे

'कुंकू', 'माणूस', 'शेजारी' हे चित्रपट पडद्यामागे राहून घडवणाऱ्या व्ही. शांताराम यांनी, म्हणजे शांतारामबापूंनी, पुढे स्वतःच नायक होण्याचा हट्ट का धरला, आणि त्यांचा अभिनय तुम्हाला खरोखर आवडतो का, हे मला रसास्वादाच्या वर्गात इतक्यांदा विचारले गेले आहे की प्रश्नाआधीचे मिस्कील हसू मी आता दुरूनच ओळखतो. 'हो' म्हटले की मी भाबडा ठरतो आणि 'नाही' म्हटले की विचारणारा खूश होतो, म्हणून आजवर मी विषय बदलत आलो.

खरे तर त्या हसण्याला मीच हातभार लावला आहे. वर्ग घेऊ लागलो त्या सुरुवातीच्या दिवसांत १९५७चा 'दो आँखें बारह हाथ', ज्याचे दिग्दर्शक आणि जेलर झालेले नायक दोन्ही बापूच, तो दाखवण्यापूर्वी मी म्हणालो होतो, "या दिग्दर्शकाने आपल्या नायकाला थोडे आवरायला हवे होते." खोली हसली आणि ते हसणे मला फार आवडले. मग चित्रपटभर, बापूंचे डोळे विस्फारले की कोणीतरी खुदकन हसायचे. शेवटी जेलर बैलाशी झुंजतो तिथेही हशा पिकला. याच झुंजीच्या चित्रीकरणात त्यांच्या डोळ्यांना इजा झाली होती आणि काही काळ दृष्टीही गेली होती, हे त्या खोलीत मला ठाऊक होते. मी ते सांगितले नव्हते, आणि हशा पिकल्यावरही सांगितले नाही. दिवे लागल्यावर मी गदिमांच्या पटकथेवर आणि वसंत देसाईंच्या संगीतावर बोललो, बर्लिन चित्रपट महोत्सवात मिळालेल्या 'रौप्य अस्वल' या पुरस्काराचा उल्लेख केला आणि घरी गेलो.

अर्थात, जखम झाली म्हणून अभिनय चांगला ठरत नाही. मी तेव्हा जे म्हणालो ते आजही निम्मे खरे वाटते. पल्लेदार संवाद आले की बापू आजही मला जड जातात. पण १९२५च्या 'सावकारी पाश'मध्ये, बाबूराव पेंटरांच्या हाताखाली, हा माणूस मूकपटात अभिनय करत होता, आणि तिथे डोळ्यांनी बोलल्यावाचून नटाला गत्यंतर नव्हते. शिवाय या चित्रपटात सहा खुन्यांना धरून ठेवते ती जेलरची नजरच. मग ती नजर सौम्य हवी होती असे म्हणताना मी नेमका कोणता चित्रपट पाहत होतो? (यावर माझ्यातला तेव्हाचा शिक्षक म्हणतो, नजर भेदक असणे वेगळे आणि डोळे वटारणे वेगळे. त्यालाही माझ्याकडे धड उत्तर नाही.)

तोच चित्रपट मी पुन्हा दाखवणार आहे. इजेबद्दल आधी सांगितले तर मुले दयेपोटी गप्प बसतील, आणि नंतर सांगितले तर मी त्यांना मुद्दाम हसू दिले असे होईल. अजून ठरलेले नाही.