मिनिएचरचा स्टोरीबोर्ड पास करून घेणं म्हणजे डोक्याला शॉट

सायन्स फिक्शन सिरीयलसाठी मिनिएचर इफेक्ट्सचं, म्हणजे छोटी मॉडेल शूट करून ती खरी भासवण्याचं, प्लॅनिंग केलं. मॉडेल बनवणं, रंगवणं, सेट लावणं सगळं नीट पार पडलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. अडकलो ते स्टोरीबोर्ड (प्रत्येक शॉटची आधी काढलेली चित्रं) पास करून घेण्यात, आणि त्याच्याबरोबरचा तो फॉर्म आठवला की अजून डोकं फिरतं.

प्रॉडक्शन ऑफिसचा ठरलेला ब्रेकडाऊन फॉर्म. शॉट नंबर, वर्णन, पडद्यावर किती सेकंद, संपलं. पैसे आणि शूटचा वेळ दोन्ही त्या सेकंदांवरून. आता माझे दोन शॉट चार-चार सेकंदांचे. एकात यान डोक्यावरून जातं, दुसऱ्यात टॉवर उडतो. फॉर्मवर दोघं सारखेच! पण यान मोशन कंट्रोलवर, म्हणजे तीच मूव्ह हुबेहूब पुन्हा करणाऱ्या यंत्रावरच्या कॅमेऱ्याने, सेकंदाला २५ च्या हिशोबाने १०० फ्रेम, प्रत्येक फ्रेमला लांब एक्स्पोजर आणि तीच मूव्ह परत परत, एकदा यानाची बॉडी, एकदा खिडक्यांचे दिवे, एकदा इंजिनाचा उजेड, एकदा मॅट (यान पार्श्वभूमीपासून वेगळं कापायला त्याची नुसती काळी-पांढरी आकृती), म्हणजे दिवस त्यातच गेला. टॉवरचं उलटं. मॉडेल १/१६ स्केलचं, १६ चं वर्गमूळ ४, म्हणून कॅमेरा चौपट वेगाने, सेकंदाला १०० फ्रेम, म्हणजे २५ ने दाखवताना पडणं संथ आणि जड दिसतं, नाहीतर ढिगारा खेळण्यासारखा टपकन पडतो. म्हणजे प्रत्यक्षात एका सेकंदात खेळ खल्लास, पण टॉवर एकदाच फुटणार म्हणून दोन-तीन कॅमेरे आणि एक जादा टॉवर हवाच.

मी प्रामाणिकपणे लिहिलं, शूट १ सेकंद, पडद्यावर ४ सेकंद. फॉर्म परत. शेरा, 'लांबी दुरुस्त करावी'. जाऊन समजावलं, साहेबांनी मान हलवली, पुढच्या वेळी टेबलावर दुसरेच साहेब, त्यांचं म्हणणं, "अहो, एक सेकंदाचं शूट आणि चार सेकंदांचे पैसे कसे मागता?" वर्गमूळ काढून दाखवलं तर म्हणे हे गणित डायरेक्टरच्या सहीने आणा. डायरेक्टरची सही आणली तोवर लेखकाने सीन बदलला, झालं, जुन्या सह्या बाद, पुन्हा पहिल्या टेबलापासून. इकडे लाइटवाले विचारतायत किती दिवे मागवू, आणि ते सांगायला आधी स्पीड पास व्हायला हवा, कारण चौपट स्पीडला चौपट उजेड लागतो, त्यात मॉडेल पुढून मागपर्यंत शार्प दिसायला लेन्सचं छिद्र बारीक करत एफ/५.६ वरून एफ/१६ ला गेलात की वर आणखी आठपट, एकूण बत्तीसपट. हे ऐकून तर ते साहेब माझ्याकडे भामटा बघावा तसे बघायला लागले.

शेवटी बोलणंच बंद केलं. एक फालतू पुठ्ठ्याचं मॉडेल नेलं, त्यांच्याच टेबलावरून ढकललं, फोनवर एकदा साधं आणि एकदा स्लो मोशनमध्ये रेकॉर्ड करून दाखवलं. स्लोमध्ये तोच पुठ्ठा जड वाटायला लागला. सही तिथल्या तिथे! त्यामुळे माझा सल्ला, गणित नंतर, आधी व्हिडिओ दाखवा. आणि फॉर्ममध्ये स्पीड, तीच मूव्ह किती वेळा, सेटअपला वेळ किती हे रकाने स्वतःच पेनाने आखा, मी आखले, आता ते छापील फॉर्मवरच आलेत (कोणी श्रेय देत नाही ते सोडा).

हां, बोर्ड काढणाऱ्याला प्रत्येक चौकटीत स्केल, लेन्स आणि कॅमेऱ्याची उंची लिहायला लावा. माणसाच्या नजरेतून टॉवर दाखवायचा तर १.६ मीटर उंची १/१६ मध्ये १० सेंटीमीटर होते, तिथे कॅमेऱ्याची बॉडीच बसत नाही, मग सेट टेबलाच्या कडेला आणून कॅमेरा कडेबाहेर खाली घ्यावा लागतो. चित्रात सगळं बसतं हो!

पाणी असेल तर मॉडेल जमेल तितकं मोठं मागा, थेंब काही स्केलप्रमाणे लहान होत नाहीत, लगेच चोरी पकडली जाते.

सिरीयल आहे म्हणजे यानाचे शॉट पुढच्या भागांत परत वापरणार, कधी आरशासारखे डावं-उजवं उलटवूनसुद्धा, तेव्हा यानावर अक्षरं-आकडे रंगवण्याआधी बोर्डवरच ठरवा कुठली बाजू कोरी ठेवायची, नाहीतर नाव उलटं दिसतं.

काही दिवे हाय स्पीडला लुकलुकतात, टेस्ट आधी घ्या.

आणि बोर्ड स्क्रिप्टच्या कुठल्या ड्राफ्टवरून काढलाय ती तारीख प्रत्येक पानावर टाका, सही त्या तारखेच्या शेजारीच घ्या, म्हणजे एक सीन बदलला तर तेवढंच पान परत जातं, अख्खा गठ्ठा नाही.